ओरिकासाचा शिक्का

हिरागासाहेब शिक्का मारण्याआधी त्यावर तोंडातली वाफ सोडतात. दोन्ही हातांनी शिक्का धरायचा, ओठांजवळ न्यायचा आणि घशातून ‘हाऽ’ करून पोटातली सगळी ऊब त्या बोटभर लाकडावर ओतायची. मग तो शेंदरी शाईच्या डबीत तीनदा टेकवायचा, कागदावर ठेवायचा आणि खुर्चीतून अर्धवट उठून दाबायचा. थंडीत शाई घट्ट होते, वाफेनं ठसा छान उमटतो, असं ते सांगतात. त्या वाफेला सकाळी सिगारेट आणि कॅनमधल्या गोड कॉफीचा वास असतो, दुपारी रामेन नूडल्समधल्या लसणीचा. मला हे माहीत आहे, कारण माझं टेबल त्यांच्यापासून दोन हातांवर आहे. ओरिकासा कोतोहाचं एका हातावर.

आमच्या सान्जो गावात लोखंडाचीच कामं चालतात. आमचा कारखाना रुग्णालयातल्या खाटांना लागणारे बारीकसारीक सुटे भाग करतो. मी यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितो, ओरिकासा तयार माल तपासते. प्रत्येक खेपेबरोबर एक तपासणीचा कागद जातो आणि त्याच्या माथ्यावर, सहीऐवजी आपापल्या आडनावाचा शिक्का मारायला, चार चौकटी असतात. डावीकडून पहिली मालकांची, मग व्यवस्थापकांची, मग विभागप्रमुख हिरागासाहेबांची आणि उजव्या टोकाला ज्यानं माल तपासला त्याची. मालकांचा शिक्का ताठ उभा. शेजारचा त्यांच्याकडे जरासा कललेला, त्यापुढचा अजून थोडा आणि शेवटचा इतका तिरका, की ते नाव कमरेत वाकून वरच्यांना नमस्कारच करतंय. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी हळूच सांगतं आणि आपण तसं करायला लागतो. मीही करतो. प्रोग्रॅममध्ये अर्ध्या अंशाची चूक झाली तर माझा तुकडा भंगारात जातो, पण कागदावर माझं नाव रोज वाकतं आणि त्याचं मला काही वाटत नसे.

ओरिकासा शिक्का सरळ मारायची. ती नवीन असताना हिरागासाहेबांनी तिचे नऊ कागद एकदम परत आणले होते.

“ओरिकासा, शिक्का सरळ आलाय.”

“हो. सरळच मारलाय.”

“तेच सांगतोय. सरळ आलाय.”

“वाकडा आला असता तर पुन्हा मारला असता, साहेब.”

हिरागासाहेब माझ्याकडे वळले. “सोएजिमा, हिला कोणी शिकवलं नाही का रे?”

“शिकवलंय,” तीच म्हणाली. “बाबांनी सातवीत असतानाच शिकवलंय. मला ते बघितलं की मळमळतं.”

घासकाम करणारे मुरोझुमीकाका तेव्हा दाराशी उभे होते. निवृत्त होऊन पुन्हा कामावर घेतलेले, सहासष्ट वर्षांचे. ते म्हणाले, “साहेब, या पोरांना भट्टीत पाणी जरा जास्तच दिलंय. वाकायची नाहीत. एक दिवस कटकन मोडतील.” सगळे हसले. ओरिकासानं नऊच्या नऊ कागदांवर पुन्हा शिक्का मारला, जुन्या ठशाच्या शेजारी, सरळ.

तिचे वडील अडतीस वर्षं इथल्या पतपेढीत होते. शिक्का किती वाकवायचा, हे ज्या ठिकाणी गणितासारखं शिकवतात, तसली ती जागा. आमच्या कारखान्याचं काम त्यांच्याच टेबलावरून जायचं आणि ते व हिरागासाहेब एकाच आळीत राहतात. ओरिकासा नागाओकाच्या तंत्रविद्यालयात धातुशास्त्र शिकली. तिला दूर कुठेतरी जायचं होतं, पण वडिलांनी आधीच शब्द टाकून ठेवला होता. “हिरागासाहेबांनी आपल्यासाठी जागा धरून ठेवलीय, आता नाही म्हटलं तर तोंड कसं दाखवू?” एवढ्या एका वाक्यावर ती सान्जोत राहिली. हे ती सांगायची तेव्हा राग वडिलांचा नसायचा, स्वतःचाच असायचा.

आणि ते आडनाव. लेखनसाहित्याच्या दुकानात तयार शिक्क्यांची गोल फिरणारी मांडणी असते, शे-दोनशे आडनावं ओळीनं लावलेली. कोणाचा शिक्का हरवला की तो जातो आणि उचलून आणतो. ओरिकासा त्यात नसतं. लहानपणी ती ही मांडणी गरगर फिरवून आपलं नाव शोधायची आणि वडील मागे उभे राहून खुश व्हायचे. “आपलं तयार मिळत नाही, कोतो. आपलं कोरून घ्यावं लागतं.” ती वीस वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला तिचा कोरून दिला.

ऑफिसात सगळेच शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवतात. कोणी रजेवर असलं, की साहेब ड्रॉवर उघडतात आणि त्याच्या नावानं मारून टाकतात. सोय म्हणतात त्याला. ओरिकासा एकदा दोन दिवस तापानं घरी होती. परत आली तर सात कागदांवर तिचं नाव वाकलेलं. ती शिक्का घेऊन बेसिनपाशी गेली आणि कितीतरी वेळ साबणानं धूत राहिली.

“लाकूड फुगेल,” मी म्हणालो.

“फुगू दे. त्याची थुंकी आहे यावर. माझ्या नावावर तोंड घातलंय त्यानं.”

तेव्हापासून शिक्का तिच्या पँटच्या खिशात.

दुपारचं जेवण आम्ही दोघं तिच्या छोट्या गाडीत करायचो. बाहेर ओला बर्फ, बर्फ वितळवायला रस्त्यात बसवलेल्या फवाऱ्यांच्या गंजक्या पाण्यानं तांबूस झालेला चिखल आणि आत काचा धुरकटलेल्या. दुकानातून आणलेल्या भाताच्या गुंडाळीचं वेष्टण उलगडता उलगडता ती बोलायची.

“काल बाबा परत तो कार्यक्रम बघत बसले होते.”

कोणता ते विचारायची गरज नव्हती. माझ्याही घरी लागतो. परदेशी पाहुणे आणायचे, त्यांना आपले चाकू, आपल्या नखं कापायच्या कात्र्या, आपले संडास दाखवायचे. पाहुण्यांचा आ वासला, की कॅमेरा त्या उघड्या तोंडात.

“बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं रे. म्हणतात, बघ कोतो, आपण कोण आहोत ते. मी म्हटलं, आपण म्हणजे कोण? तुम्ही जन्मात एक चाकू केलाय का? तर म्हणाले, आपण म्हणजे आपण. मला उठून जावंसं वाटलं. बाहेरच्या कोणीतरी येऊन छान म्हटल्याशिवाय यांना आपण आहोत हेच कळत नाही.”

मी हसलो.

“तू हसू नकोस. तुझं काय वेगळं आहे? फोनवर नाव लपवून हिरागाला शिव्या लिहितोस आणि सकाळी वीस अंशांत वाकतोस. आपली अख्खी पिढीच तशी. फोनमध्ये तेवढी ताठ.”

“अठरा अंश,” मी म्हणालो. “मोजलंय मी.”

ती हसली नाही. काच पुसून बाहेर बघत राहिली. “या म्हाताऱ्यांची किळस येते ते परवडलं,” ती म्हणाली. “त्यांना निदान खरंच वाटतं हे सगळं. आपल्याला वाटत नाही आणि तरी आपण करतो.”

फेब्रुवारीच्या सुरुवातीला खाटेच्या कठड्याच्या खिट्ट्यांची मोठी खेप आली. खाटेच्या कडेला जो कठडा असतो, तो या खिट्टीवर उभा राहतो. बोटाएवढी पोलादी खिट्टी. तिला पाणी द्यायचं काम बाहेरच्या भट्टीवाल्याकडे आहे. पाणी नीट बसलं तर ती कडक होते, नाही बसलं तर भाराखाली हळूहळू वाकते. कडकपणा चाळीसच्या वर हवा. ओरिकासानं वीस नग काढून मोजले. सतरा बरोबर आले. तीन आले छत्तीस, पस्तीस, सदतीस.

तो गुरुवार होता. माल सोमवारी दुपारी दोनच्या ट्रकनं जायचा होता.

“पुन्हा मोज,” हिरागासाहेब म्हणाले.

“तीनदा मोजलंय.”

“चौथ्यांदा मोज. नीट येईपर्यंत मोज.”

“आकडे नीटच येतायत, साहेब. माल नीट नाही. खेप थांबवून सगळ्या खिट्ट्या मोजायला हव्यात. भट्टीच्या एका कोपऱ्यातल्या गेल्या असणार.”

हिरागासाहेब खुर्चीत मागे रेलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुमच्या वेळी शाळेत अभ्यास हलका केला होता ना? वर्तुळाच्या गणितात पायची किंमत सरळ तीन शिकवायचे, पोरांच्या डोक्याला ताप नको म्हणून. आणि तू मला आकडे शिकवतेस.”

“पाय तीन असला तरी छत्तीसचे चाळीस होत नाहीत.”

कोणीतरी नाकातून हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. हिरागासाहेबांनी आवाज खाली आणला. तो खालचा आवाज मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटतो, त्यात एक गोड चिकटपणा असतो.

“हे बघ पोरी. खिट्टी आहे, तोफ नाही. विसातल्या तीन. गिऱ्हाईक काय एकेक मोजत बसणार आहे?”

“आणि खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळला, कठड्याला रेलला आणि खिट्टी वाकली तर?”

“तर पडेल. म्हातारे पडतातच.”

ते हसत होते. स्वतः साठीला टेकलेला माणूस. ओरिकासानं त्यांच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं आपण ताटात निघालेल्या केसाकडे बघतो.

शुक्रवारी संध्याकाळी कागद तयार होता. आकड्यांच्या रकान्यात वीसच्या वीस नग चाळीसच्या वर. हिरागासाहेबांनी स्वतः टाइप केले होते. उजव्या टोकाची चौकट रिकामी होती. ओरिकासानं कागद वाचला, जागेवर ठेवला आणि खिशावर हात ठेवून घरी गेली. निघताना मला म्हणाली, “शिक्का एकच आहे. दुकानात मिळत नाही आणि कोरायला चार दिवस लागतात. सोमवारी ट्रक रिकामा जाईल.” इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. मीही निवांत झालो, काही न करता एक चांगलं काम केल्यासारखा.

सोमवारी सकाळी तो कागद हिरागासाहेबांच्या टेबलावर होता आणि चारही चौकटी भरलेल्या होत्या. चौथीत ओरिकासा. तिरका, कमरेत वाकलेला.

ती टेबलापाशी उभी राहिली. खिशात हात घालून तिनं आपला शिक्का चाचपला. मग कागदावर वाकून बघितलं. मीही बघितलं. ठशाच्या कडेला खाली एक टवका उडालेला होता. ठसा तिच्या शिक्क्यापेक्षा मोठा, अक्षरं झिजून जाड झालेली.

“हा बाबांचा आहे,” ती म्हणाली.

“शनिवारी आले होते की,” मुरोझुमीकाका म्हणाले. काका ओव्हरटाइमला आले होते त्या दिवशी. “साहेबांनी फोन केला होता, पोरगी शिक्का विसरलीय म्हणून. धावतपळत आले बिचारे. केवढ्यांदा माफी मागितली. चहा घेऊन गेले.”

हिरागासाहेब हात धुऊन आत येत होते. ओरिकासा त्यांच्यासमोर कागद धरून उभी राहिली. “हा मी मारलेला नाही.”

“चौकटीत काय हवं होतं? ओरिकासा. आत काय आहे? वाच.”

“मी माल नाकारलाय.”

“कागदावर तर तसं दिसत नाही.” त्यांनी तिच्या हातातून कागद अलगद काढून घेतला आणि फाइलमध्ये ठेवला. “बापलेकींनी घरात ठरवा काय ते. इथे एकच आडनाव आहे.”

ती जागेवर येऊन बसली. गिऱ्हाईकाला फोन करावा, तर ते म्हणणार, कागदावर तुमचंच नाव आहे. फाइलमधला कागद फाडावा, तर त्यावर मालकांचा शिक्का आहे, नोकरी तर जाईलच, पण दुसरा कागद छापून पुन्हा वडिलांनाच बोलावतील. एकच रस्ता होता आणि तो तिला, मला, ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होता. चुकून पडलेला शिक्का खोडायचा असेल तर त्यावर दोन रेघा मारायच्या आणि शेजारी त्याच शिक्क्यानं पुन्हा ठसा उमटवायचा. ज्याचा शिक्का, खोडायचं त्यानंच.

“मला गाडीनं घरी सोड,” ती म्हणाली. “ट्रकच्या आधी बाबांना घेऊन यायचंय.”

तिचे वडील शेजारच्या आजींच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढत होते. मला पाहताच फावडं बाजूला ठेवून वाकले. “सोएजिमा-सान, कामाच्या वेळात तुम्हाला त्रास. आमची कोतो डोक्याला ताप देत असेल ना?”

“बाबा, शनिवारी तुम्ही कारखान्यात गेला होतात?”

“अगं, हिरागासाहेबांचा फोन आला. तू शिक्का विसरलीस म्हणाले. मला इतकी लाज वाटली. तू झोपलेली, म्हटलं उठवायला नको, आडनाव तर तेच. माझाच घेऊन गेलो.”

“कागद वाचलात?”

“कोणता?”

“ज्यावर मारलात तो.”

ते हसले. लहान मुलानं काही गमतीचं विचारल्यावर हसतात तसं. “वाचून शिक्का मारतं का कोणी? वरच्यानं वाचलेला असतो, खालच्यानं वाचलेला असतो. मधला माणूस वाचत बसला तर कागद पुढे सरकायचा कसा?”

“ती सगळ्यात खालची चौकट होती. माझ्या खाली कोणी नाही. कोणीतरी बघावं म्हणून ती चौकट आहे, बाबा. आणि ती मी आहे.”

मग तिनं खिट्ट्यांचं सांगितलं. कठडा, म्हातारी माणसं, छत्तीस, पस्तीस. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी “अरेरे” म्हणाले. टीव्हीवर लांबच्या गावातला अपघात दाखवला की म्हणतात तसं. ओरिकासाचे ओठ आवळले गेले.

“पण कोतो, आता जाऊन शिक्का खोडायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणंच झालं. त्यांनी तुला जागा दिली. आळीत रोज तोंडाला तोंड पडतं. आणि हिरागासाहेबांसारखा माणूस विचार केल्याशिवाय कशाला करेल?”

“माणसं पडतील.”

“तसं काही होणार नाही गं. आपल्याकडचा माल असा नसतो.”

ती मान वळवून चिखलाकडे बघत राहिली. मी सहज बोलून गेलो. “काका, त्या चौकटीखाली ‘प्रत्यक्ष तपासणारा’ असं छापलंय.”

त्यांचं डोकं वर आलं. “काय छापलंय?”

“प्रत्यक्ष तपासणारा.”

“मला वाटलं, कागद मिळाल्याची असेल.” ते थांबले. “पण मी तर काही तपासलं नाही.”

“नाही.”

“म्हणजे परक्या चौकटीत पडला माझा शिक्का.” त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मघाच्या पडणाऱ्या माणसांसाठी उतरला नव्हता. “आमच्याकडे एकानं असं केलं होतं. शेजाऱ्याच्या चौकटीत. त्याला बदलीवर सादो बेटावर पाठवला. परत आलाच नाही तो.” त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. “थांबा पाच मिनिटं. सूट घालतो.”

ते आत गेल्यावर ओरिकासा म्हणाली, “बघितलंस? माणसं पडतील म्हणून नाही. चौकट चुकली म्हणून.”

“येतायत ना पण.”

“त्याचीच तर शिसारी येतेय.”

काळा सूट, टाय आणि खाली रबरी बूट अशा वेशात ते कारखान्यात आले. बूट दाराशी काढले, मोज्यांवर चालत हिरागासाहेबांच्या टेबलापर्यंत गेले आणि तिथे ते जे वाकले, ते मी आतापर्यंत पाहिलेलं सगळ्यात खोल वाकणं होतं. डोक्याचा मागचा पांढरा भाग टेबलाच्या कडेखाली गेला.

“हिरागासाहेब, माझ्या हातून अक्षम्य चूक झाली. इतकी वर्षं काम करून मला चौकट ओळखता आली नाही. परक्या चौकटीत शिक्का मारून मी तुमच्या कागदाचा अपमान केला. कृपा करून मला तो खोडू द्या.”

“अहो, काय हे, ओरिकासा-सान. मीच बोलावलं होतं तुम्हाला. एवढंसं काम.”

“तुम्ही मोठ्या मनानं म्हणता. पण माझी चूक मला झोपू देणार नाही.”

हे असं बराच वेळ चाललं. हिरागासाहेब नको म्हणत होते, वडील अजून खाली जात होते. वाकलेल्या माणसाला ढकलता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. सगळं ऑफिस बघत होतं. घड्याळात पावणेदोन झाले होते, बाहेर ट्रकवाला ताडपत्री सोडून उभा होता. त्या सगळ्या बोलण्यात खिट्टीचं नाव एकदाही आलं नाही. शेवटी हिरागासाहेबांनी फाइल टेबलावर आपटली. वडिलांनी माझ्याकडे पट्टी मागितली, दोन सारख्या रेघा ओढल्या आणि शेजारी ठसा उमटवला. मग कागद दोन्ही हातांनी परत दिला. चौकट पुन्हा रिकामी झाली.

“छान वळण लावलंत मुलीला,” हिरागासाहेब म्हणाले.

“कुठलं, साहेब. अजून कच्ची आहे. सांभाळून घ्या.”

ट्रकवाल्यानं दारातून विचारलं, “खिट्ट्या चढवायच्या की नाहीत?” हिरागासाहेबांनी नुसता हात झटकला. त्यानं बाकीचा माल घेतला आणि तो गेला.

हिरागासाहेबांनी टेबलावरचा फोन ओरिकासाकडे सरकवला. “माल का आला नाही हे गिऱ्हाईकाला आता कळव. जिची चौकट तिनं सांगायचं.”

ती फोनला हात लावणार, तेवढ्यात वडील हळूच म्हणाले, “कोतो. आधी साहेबांची माफी माग.”

दोघंही तिच्याकडे बघत उभे राहिले. टायपिंगचे आवाज थांबले होते. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि सगळं पुन्हा पेटेल. पण ती वाकली. तिनं ते ठरवलं नव्हतं, हे मला दिसलं. चेहरा वरच राहू पाहत होता आणि कंबर आधीच निघून गेली होती. सरळ झाली तेव्हा तिनं हाताच्या पालथ्या भागानं ओठ पुसले, ओकारी आल्यावर पुसतात तसे. वडिलांनी समाधानानं मान हलवली आणि ते बूट घालायला दाराकडे गेले.

तिनं नंबर फिरवला. पलीकडून गुणवत्ता विभागातल्या एका माणसाचा आवाज आला, कोरडा, घाईतला. ती बोलू लागली आणि प्रत्येक वाक्याला तिची पाठ टेबलावर झुकू लागली. आपण सगळेच फोनवर वाकतो, समोरच्याला दिसत नसलं तरी. तिला ते जाणवलं. तिनं टेबलाची कड धरली, पाठ ताठ केली, पुढचं वाक्य सुरू केलं आणि पाठ पुन्हा गेली.

“खेप आम्ही थांबवलीय. वीस नगांपैकी तीन कमी आले. छत्तीस, पस्तीस, सदतीस. हो, तीनदा मोजले. नाही, फेरफार नाही. सगळी खेप मोजून मगच पाठवू. उशिराबद्दल क्षमा असावी.”

पलीकडचा माणूस काहीतरी लिहून घेत होता. मग त्यानं विचारलं, तपासलं कोणी?

“मी. ओरिकासा.”

नाव कोणत्या अक्षरचिन्हांनी लिहायचं, असं त्यानं विचारलं.

“ओरि म्हणजे दुमडणं. कासा म्हणजे बांबूची टोपी. नाव कोतोहा.”

पलीकडून उत्तर आलं, आडनाव पुरे आहे.

“नाही, पूर्ण लिहा,” टेबलावर वाकलेलीच ती म्हणाली. “कोतोहा. आमच्या घरात दोन ओरिकासा आहेत.”